रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट गच्च? बद्धकोष्ठाच्या आयबीएसमध्ये सुरुवात कुठून करायची

सोनोग्राफी नॉर्मल, रक्त नॉर्मल, आणि तरी आठवड्यातले निम्मे दिवस पोट फुगलेलं, कळा येताहेत, संडासात बसून बसून पायाला मुंग्या. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'आयबीएस-सी' लिहून दिलंय, पण बाहेर आल्यावर कुणाला विचारावं ते सुचत नाही. आपल्याकडे या विषयावर लोक बोलतात ते एकतर चेष्टेत, नाहीतर एखाद्या चूर्णाचं नाव सांगण्यापुरतं. मी डॉक्टर नाही. लातूर जिल्ह्यात राहणारी, हा त्रास बरीच वर्षं सांभाळून नोकरी-संसार करणारी बाई आहे. सुरुवातीला जे कुणी नीट उलगडून सांगितलं नव्हतं ते इथे क्रमाने लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. रोज सकाळी पोट पूर्ण रिकामं झालंच पाहिजे, हा हट्ट सोडल्याशिवाय या दुखण्यात पाऊल पुढे पडत नाही. या हट्टापायी माणूस जुलाबाच्या गोळीवर जातो आणि त्या गोळीपायी कळांवर.

१. हे दुखणं नेमकं काय आहे

आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. आतड्याला जखम नसते, सूज नसते, गाठ नसते. पण आतड्याची हालचाल आणि आतडं-मेंदू यांच्यातली संदेशांची ये-जा यांचा मेळ बिघडलेला असतो. म्हणून दुर्बिणीतून पाहिलं तरी आतडं निरोगीच दिसतं. दुसऱ्याला जेवढा गॅस जाणवणारही नाही, तेवढ्याने आपल्याला कळ येते. गुदाशयात छोटा फुगा फुगवून केलेल्या तपासण्यांमध्ये हे दिसलेलं आहे: आयबीएसच्या बऱ्याच रुग्णांना कमी दाबालाच दुखायला लागतं. तेव्हा 'काही नाही हो, मनाचे खेळ आहेत' असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका.

डॉक्टर निदानासाठी जे निकष वापरतात त्यांना 'रोम ४' म्हणतात; ते २०१६ सालचे आहेत. गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून किमान एक दिवस पोटात दुखलेलं असावं, आणि त्या दुखण्याचा संबंध पुढच्या तीनपैकी किमान दोन गोष्टींशी असावा: शौचाला जाणं, किती वेळा होतं त्यातला बदल, आणि मळ कसा होतो त्यातला बदल. त्रास सुरू होऊन सहा महिने झालेले असावेत. यात पाव भागापेक्षा जास्त वेळा कडक होत असेल आणि पातळ क्वचितच, तर तो 'सी' प्रकार, म्हणजे बद्धकोष्ठवाला.

पोट दुखत नसेल, नुसता खडा होत असेल, तर ते बहुतेक साधं बद्धकोष्ठ. हा फरक कामाचा आहे, कारण आयबीएसमध्ये दोन आघाड्या असतात. मळ मऊ करणं ही एक आणि दुखणं कमी करणं ही दुसरी. पहिलीचं औषध दुसरीवर चालेलच असं नाही.

आणि किती वेळा झालं म्हणजे ठीक? दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, यात कुठेही बसत असाल तर ते निरोगी माणसांतही आढळतं. सासरे पहाटे पाचला परसाकडे जाऊन येतात म्हणून सुनेचंही तसंच व्हावं असा काही नियम नाही.

२. आधी धोक्याच्या खुणा बघा

खालीलपैकी एकही गोष्ट असेल तर घरचे उपाय बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा:

- मळात रक्त, किंवा डांबरासारखा काळा मळ (लोहाच्या गोळ्यांनीही काळा होतो, तेही डॉक्टरांना सांगा)
- काही न करता वजन उतरणं
- हिमोग्लोबिन कमी
- झोपेतून जाग यावी इतकं दुखणं, सतत ताप
- पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, किंवा वर्षानुवर्षांची सवय अचानक बदलणं
- आई-वडील, भावंडं यांत कुणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग किंवा आतड्याच्या सुजेचा आजार

मळही नाही, गॅसही सरत नाही, पोट टणक फुगलेलं आणि उलट्या, असं असेल तर ते आतडं अडकल्याचं लक्षण असू शकतं. तेव्हा कुठलंही चूर्ण, एरंडेल, एनिमा न घेता त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना.

आपल्याकडे एक सापळा फार मोठा आहे. रक्त दिसलं की माणूस स्वतःच 'मूळव्याध' ठरवतो आणि रस्त्याकडेच्या पाटीवरचा नंबर फिरवतो: 'विना ऑपरेशन, एका इंजेक्शनमध्ये'. बहुतेक वेळा ती मूळव्याध किंवा फिशरच (गुदद्वाराला पडलेली चीर) असते हे खरं. पण ते बघून ठरवायचं असतं, पाटी वाचून नाही.

३. दोन आठवडे नोंद ठेवा

भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटी यासाठी पुरतात. घरात कुणाला कळू नये असं वाटत असेल तर नुसते आकडे लिहा. डॉक्टर 'ब्रिस्टल' नावाचा तक्ता वापरतात, त्यात मळाचे सात प्रकार आहेत:

१ – सुट्या, कडक लेंड्या
२ – लांबट पण गाठीगाठींचा, कडक
३ – लांबट, वर भेगा
४ – लांबट, मऊ, गुळगुळीत
५ – मऊ, सुटे गोळे
६ – पिठूळ, फाटके तुकडे
७ – निव्वळ पाणी

१ आणि २ म्हणजे बद्धकोष्ठ. आपल्याला ३-४ च्या आसपास यायचं आहे. रोजच्या चौकटीत हा आकडा, दुखणं शून्य ते दहापैकी किती, आणि त्या दिवशी वेगळं काय खाल्लं किंवा घडलं ते एका शब्दात: 'लग्न', 'जागरण', 'पाळी', 'ऑडिट'. बायकांनी पाळीच्या तारखा लिहायलाच हव्यात. पाळीच्या आधी पोट जड होणं आणि पाळी सुरू झाल्यावर सैल होणं अनेकींचं होतं, आणि ते कागदावर दिसलं की दर महिन्याची भीती कमी होते.

या दोन आठवड्यांत खाणंपिणं मुद्दाम बदलू नका. आहे तसं टिपायचं.

४. डॉक्टरांकडे जाताना

फॅमिली डॉक्टर किंवा एमडी मेडिसिनपासून सुरुवात केली तरी चालतं. सरकारीमध्ये जायचं तर जिल्हा रुग्णालय, किंवा संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत; मेडिसिनच्या ओपीडीचा केसपेपर काढायचा आणि सकाळी लवकर पोचायचं. सोबत घ्या:

- आधार कार्ड, मोबाइल
- जुन्या चिठ्ठ्या आणि रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावून
- नोंदीचं कॅलेंडर किंवा त्याचा फोटो
- सध्या चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं. यात चूर्णाचा डबा, काढ्याची बाटली, 'ताकदीची' गोळी हे सगळं आलं

शेवटचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात, पण कितीतरी औषधांनीच पोट धरतं, म्हणजे बद्धकोष्ठ होतं: लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, ॲल्युमिनियम असलेली ॲसिडिटीची औषधं, रक्तदाबाच्या काही गोळ्या, कोडीन असलेली खोकल्याची औषधं, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं, उलटी थांबवायची ऑन्डॅनसेट्रॉन. बाळंतीण किंवा गरोदर बाईने लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. डॉक्टर मात्रा किंवा प्रकार बदलून देऊ शकतात.

तपासण्या साधारण थोड्याच लागतात: रक्ताची सीबीसी, थायरॉइडसाठी टीएसएच, साखर, कधी कॅल्शियम. धोक्याच्या खुणा नसतील आणि वय कमी असेल तर कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, सहसा लागत नाही. 'सगळंच करून टाका' असा आग्रह पेशंटकडूनच होतो. नॉर्मल रिपोर्टांची चळत वाढली म्हणून दुखणं कमी होत नाही.

डॉक्टर गुदद्वाराची बोटाने तपासणी करू असं म्हणाले तर लाजून नाही म्हणू नका. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायचं, हातमोजा आणि जेली असते, आणि मिनिटाच्या आत उरकतं. बायकांनी सोबतीला नर्स किंवा घरचं माणूस मागावं. तो हक्क आहे. या तपासणीत डॉक्टर 'कुंथा' म्हणतात आणि स्नायू सैल होतो का उलट आवळतो ते त्यांना बोटाला कळतं. काही जणांमध्ये तो आवळतो. मळ मऊ असूनही जोर लावावा लागणं, दार बंद असल्यासारखं वाटणं, बोटाने मदत करावी लागणं ही त्याची लक्षणं. अशा माणसाला कितीही इसबगोल दिला तरी मूळ अडचण सुटत नाही. त्याला बायोफीडबॅक नावाचं स्नायूंचं प्रशिक्षण लागतं. स्नायूच्या या अडचणीची तपासणी, म्हणजे मॅनोमेट्री, मोठ्या शहरातल्या पोटविकार केंद्रांत होते. वर्षानुवर्षं औषधं बदलूनही फरक न पडलेल्यांनी हा प्रश्न स्वतःहून विचारावा.

५. सकाळची दहा मिनिटं

खाल्ल्यानंतर मोठं आतडं आपोआप हालचाल करतं, आणि ही हालचाल सकाळी सगळ्यांत जोरात असते. म्हणून उठल्या उठल्या संडासात जाऊन बसण्यापेक्षा कोमट पाणी किंवा चहा आणि थोडं खाणं आधी, आणि त्यानंतर वीस-तीस मिनिटांनी बसणं. दहा मिनिटांत झालं नाही तर उठायचं. फोन बाहेर. कुंथायचं नाही.

भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसलं की गुदाशयाभोवतीचा स्नायू सैल होतो आणि वाट सरळ होते. कमोड असेल तर पायाखाली पाट किंवा उलटी बादली, गुडघे कमरेपेक्षा वर, कोपरं गुडघ्यांवर, पोट सैल सोडून सावकाश श्वास. बांधकामावर उरलेलं लाकडी फळकूट यासाठी उत्तम.

आलेली कळ दाबून धरणं हे मात्र सगळ्यांत वाईट. इथे मला थोडं रागानेच लिहावंसं वाटतं, कारण हे आपल्याकडे अनेकींच्या हातातच नसतं. ऊसतोडीला गेलेल्या बायका फडावर दिवस दिवस पाणी कमी पितात, कारण आडोसा नाही. सहाच्या एसटीने अपडाऊन करणारी शिक्षिका शाळेच्या संडासाला कुलूप असतं म्हणून घरी येईपर्यंत थांबते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा तांब्याभर पाणी वाचवायला संडासाची फेरी टाळणारी माणसं मी बघितली आहेत. अशांना 'कळ दाबू नका' एवढंच सांगून भागत नाही. जमेल तेवढं करायचं: गाडीच्या वेळेआधी पाऊण तास उठून चहा-बिस्किट खाऊन एकदा बसून बघणं, आणि सुटीच्या दिवशीही तीच वेळ पाळणं.

पाण्याबद्दल थोडक्यात. उन्हात काम करत असाल, लघवी गडद पिवळी होत असेल, तर पाणी वाढवल्याने फरक पडेल. लघवी फिकट असताना आणखी तांबे रिचवून मळ मऊ होत नाही. फक्त फेऱ्या वाढतात.

'तंबाखूचा बार भरल्याशिवाय होत नाही', 'मिश्री लावली की कळ येते' हेही घरोघरी ऐकू येतं. निकोटिनने आतडं हलतं हे खरं आहे. पण त्यासाठी तोंडाचा कर्करोग पदरात घ्यायचा का, हे ज्याचं त्याने बघावं. चहाने तेच काम होतं.

६. इसबगोल: चमचा छोटा, ग्लास मोठा

तंतुमय पदार्थ दोन तऱ्हेचे. पाण्यात फुगून मऊ होणारे, आणि न विरघळता नुसते ढिगाने पुढे सरकणारे. आयबीएसमध्ये पहिल्या प्रकाराचा उपयोग होतो. इसबगोलचा भुसा त्यातला. गव्हाचा कोंडा दुसऱ्या प्रकारातला. त्याने पुष्कळांचं पोट आणखी फुगतं आणि दुखतं. 'कोंडा खा, सगळं साफ होतं' हा सल्ला साध्या बद्धकोष्ठाला ठीक, आपल्याला नाही.

घ्यायची पद्धत: पहिला आठवडा दिवसातून एक लहान चमचा, मोठ्या ग्लासभर पाण्यात. ढवळलं की लगेच प्यायचं. ग्लास ओट्यावर ठेवून फोन घ्यायला गेलात तर परत येईपर्यंत त्याची खळ झालेली असते आणि मग ती गिळवत नाही. वरून आणखी अर्धा ग्लास पाणी. आठवड्याने दोन चमचे, सोसलं तर पुढे आणखी थोडं. कोरडा भुसा तोंडात टाकून वर पाण्याचा घोट घेणं धोक्याचं आहे, घशात अडकू शकतो. गिळायला त्रास असणाऱ्यांनी आणि आतडं अरुंद असल्याचं सांगितलेल्यांनी घेऊच नये. बाकीच्या गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

पहिल्या आठवड्यात गॅस वाढतो. इथेच बरेच लोक सोडून देतात. मात्रा कमी करा, पण बंद करू नका. तीन-चार आठवडे दिल्याशिवाय निकाल लावू नका. आणि एका वेळी एकच बदल. इसबगोल, नवी गोळी आणि दूध बंद हे तिन्ही एकाच सोमवारी सुरू केलं तर कशाने बरं वाटलं ते कधीच कळणार नाही.

७. ताटातलं काय ठेवायचं, काय कमी करायचं

आपल्याकडचं ज्वारीचं जेवण या दुखण्याला बऱ्यापैकी मानवतं. गहू, कांदा, लसूण, हरभरा, राजमा, दूध, फुलकोबी, आंबा, सफरचंद यांत अशा शर्करा असतात ज्या लहान आतड्यात पुरत्या शोषल्या जात नाहीत. मोठ्या आतड्यात जिवाणू त्या आंबवतात आणि गॅस होतो. त्यांना मिळून 'फॉडमॅप' म्हणतात. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाने यावर काम करून आहारपद्धत बांधली. ज्वारी आणि तांदूळ या यादीत सौम्य बाजूला आहेत.

आता पिठलं-भाकरी घ्या. भाकरी निर्दोष. पण पिठल्यात बेसन, कांदा आणि लसूण, म्हणजे तिन्ही गुन्हेगार एकाच कढईत. 'भाकरी सोसत नाही' म्हणणाऱ्यांनी एकदा भाकरी दुसऱ्या भाजीबरोबर खाऊन पाहावी. करडईची, चाकवताची, दोडक्याची, भोपळ्याची भाजी. मुगाच्या डाळीचं पातळ वरण. लसणाची चव हवीच असेल तर पाकळ्या तेलात परतून काढून टाका. त्रास देणारा घटक तेलात उतरत नाही, वास उतरतो. कांद्याऐवजी कांद्याच्या पातीचा हिरवा भाग आणि हिंग. कडधान्यं रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्या, मऊ शिजवा, आणि वाटीऐवजी दोन-तीन चमचे घ्या. ठेच्याचं दुःख मला कळतं. पण मिरचीतला तिखट घटक दुखण्याच्या नसाच चाळवतो, तेव्हा कळांच्या दिवसांत ठेचा नको. बाकीच्या दिवशी शेंगदाण्याच्या चटणीवर भागवा, लसूण बेताचा घालून.

फळांत पपई, पेरू, जालन्याची मोसंबी. मोसंबी सोलून, फोडीसकट; रस काढला की चोथा गेला.

पूर्ण 'लो फॉडमॅप' आहार आहारतज्ज्ञाच्या मदतीनेच करावा, आणि चार ते सहा आठवड्यांपलीकडे ताणू नये. नंतर एकेक पदार्थ परत आणून पाहायचा असतो. तो भाग विसरून लोक आयुष्यभर भात-मुगावर राहतात आणि अशक्त होतात. आधीच वजन कमी असलेल्यांनी, गरोदर बायकांनी, लहान मुलांनी याच्या वाटेला जाऊ नये. माझं मत विचाराल तर आपल्या घरांत एवढी शिस्त निभत नाही. कांदा-लसूण, हरभऱ्याचे पदार्थ, दूध आणि मैदा एवढंच महिनाभर निम्म्यावर आणा. बहुतेकांना तेवढ्यानेच अंदाज येतो.

येळवसेचं, म्हणजे वेळ अमावस्येला शेतात होणाऱ्या सणाच्या पंगतीचं काय? लातूर-धाराशिवकडच्या माणसाला हा प्रश्न पडणारच. भज्जीत ओला हरभरा, वाटाणा, तूर, वाल आणि वरून बेसन. पोटासाठी याहून अवघड पंगत शोधून सापडणार नाही. पण वर्षातून एकदा शेतात पंगतीला बसून 'मला नको' म्हणायचं नसतं. भाकरी आणि आंबील जास्त, भज्जी पळीभर, दुसऱ्या वाढपाला हात आडवा. दुसऱ्या दिवशी पोट फुगेल, तिसऱ्या दिवशी उतरेल. त्याने आजार वाढत नाही.

८. औषधं, आणि जुलाबाचं दुष्टचक्र

इसबगोल पुरला नाही तर डॉक्टर बहुधा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर देतात. ही आतड्यात पाणी धरून ठेवते, रक्तात जवळजवळ शोषली जात नाही, आणि सांगितल्याप्रमाणे बरेच दिवस घेता येते. मळ मऊ होतो, पण दुखणं तिने जाईलच असं नाही. हे आधी माहीत असलं की निराशा होत नाही. लॅक्टुलोजचं गोड औषधही मळ मऊ करतं, पण त्याने गॅस होतो, म्हणून फुगणाऱ्या पोटाला ते तितकं मानवत नाही. मिल्क ऑफ मॅग्नेशिया मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये.

याने भागलं नाही तर लिनाक्लोटाइड किंवा ल्युबिप्रोस्टोन. लिनाक्लोटाइड नाश्त्याच्या किमान अर्धा तास आधी, रिकाम्या पोटी. ते दुखण्यावरही काम करतं, पण काहींना त्याने जुलाब लागतात. ल्युबिप्रोस्टोन जेवणासोबत घ्यायचं, नाहीतर मळमळ होते. ही चिठ्ठीवरचीच औषधं आहेत.

कळांसाठी मेबेव्हरिन किंवा पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल देतात. मेडिकलमध्ये 'पोटात दुखतंय' एवढंच सांगून जी गोळी मिळते तिच्यात बरेचदा डायसायक्लोमिन असतं. कळ थांबते, पण पोट आणखी धरतं. पाकिटामागचं नाव वाचा.

आता चूर्ण. 'पूर्ण आयुर्वेदिक, सवय लागत नाही' असं पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात असतं आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात सोनामुखी, सनाय किंवा सेन्ना. ही आतड्याला ढोसून आकुंचन पावायला लावणारी वनस्पती आहे. बिसाकोडिलची गोळी आणि एरंडेलही त्याच जातीचे. अधूनमधून, अगदीच अडल्यावर घेतलं तर बिघडत नाही. पण आयबीएसच्या आतड्याला ते ढोसणंच कळ म्हणून जाणवतं. वैद्यांकडूनच औषध घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण त्यांनाही आयबीएसचं निदान सांगा.

आणि चक्र असं चालतं: रविवारी जालीम डोस घेतला, सगळं आतडं रिकामं झालं. आता ते पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागणारच. सोमवारी होत नाही, मंगळवारी होत नाही, माणूस घाबरतो, 'परत अडलं' म्हणून बुधवारी पुन्हा डोस. वास्तविक सोमवार-मंगळवारी बाहेर यायला काही शिल्लकच नव्हतं. मोठा जुलाब झाल्यावर दोन-तीन दिवस काही झालं नाही तर शांत राहा; इसबगोल किंवा पावडर चालू ठेवा, चौथ्या दिवसाकडे बघा.

'कोलन क्लिन्झिंग', 'आतड्यातला वर्षांचा साचलेला मळ काढून देतो' असल्या पॅकेजांवर पैसे घालवू नका. आतड्याच्या भिंतीला वर्षानुवर्षं चिकटून राहिलेला मळ असा काही प्रकार नसतो.

९. झोप, ताण आणि 'डिप्रेशनची गोळी'

डॉक्टरांनी कमी मात्रेत नैराश्याची गोळी लिहून दिली तर 'मला वेडं समजले' असं वाटून घेऊ नका. या गोळ्या आतड्याच्या दुखण्याच्या संदेशांवर काम करतात. यातली ॲमिट्रिप्टिलिन पोट धरते, म्हणून आपल्या प्रकारात तिची निवड जपून करतात. 'मला बद्धकोष्ठाचा आयबीएस आहे' हे त्या वेळी पुन्हा एकदा ठळक सांगा. वर्तन-उपचार, म्हणजे सीबीटीचाही या आजारात चांगला उपयोग होतो. तो करणारे समुपदेशक आता ऑनलाइनही भेटतात.

चालणं रोज अर्धा तास. याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही, ते करायचं असतं.

१०. उपास, लग्नसराई, प्रवास

एकादशी, नवरात्र, श्रावण: साबुदाण्यात चोथा जवळजवळ नसतोच. त्याऐवजी भगर, राजगिरा, रताळं थोडं, पपई, काकडी. इसबगोल उपासाला चालतो का, हा वाद घरच्या मोठ्यांशी आधीच मिटवून ठेवा. रमजानमध्ये रोजे धरणाऱ्यांनी इफ्तार ते सहरी या वेळेत पाणी वाटून प्यावं, इसबगोल इफ्तारनंतर घ्यावा, आणि गोळ्यांच्या वेळा महिना सुरू होण्याआधी डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात.

लग्नसराईत जेवण दुपारी तीनला, झोप दोन वाजता, संडासापुढे रांग. चार-पाच दिवस बिघडणारच. पिशवीत पावडरची पाकिटं, पाण्याची बाटली आणि दोन केळी ठेवा. फार पिकलेली नको, जरा टणक बघून घ्या. पंगतीत वरणभात चालेल, बुंदी बेसनाची म्हणून बेताने, पण मसालेभात, भजी आणि मठ्ठा एकाच जेवणात नको. घरी परतल्यावर पहिल्या सकाळी जुलाबाची गोळी शोधू नका. नेहमीचा चहा, नेहमीचा नाश्ता, नेहमीची वेळ. आठवड्याने कॅलेंडर बघा, आणि आकडे अजून १-२ वरच असतील तर पावडरची मात्रा वाढवायची का, ते डॉक्टरांना फोन करून विचारा.